उत्तरेकडील मजलीचे अंदाजपत्रक

"पुण्याहून स्वतःच्या मोटारीने लडाखपर्यंत जाऊन यायचे, तर खर्च किती येतो?" हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीचे बेत घरोघरी शिजू लागतात तेव्हा, हमखास कानी येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की पेट्रोल किती लागेल. पंपावर टाकी भरून घेताना रुपयांचे आकडे डोळ्यांदेखत भराभर वाढत जातात, आणि जो खर्च असा प्रत्यक्ष दिसतो तोच मोठा, अशी मनाची समजूत होऊन बसते. प्रस्तुत प्रकरणात ही समजूत तपासून पाहावयाची आहे.

उत्तरेच्या प्रवासाचा हिशेब महाराष्ट्राला नवा नाही. १८५७ साली पेणजवळच्या वरसई गावाहून विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा गाठीस बांधावी या आशेने, आणि सापडले बंडाच्या वणव्यात. त्यांच्या जमाखर्चात जमेची बाजू निदान योजलेली तरी होती. आपण मात्र केवळ खर्च करण्याच्या हेतूने बाहेर पडणार, तेव्हा वही अधिक काळजीपूर्वक मांडणे ओघानेच आले.

१. दोन मीटर

रिक्षाचे मीटर ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला प्रवासखर्चाचे मूळ तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. रिक्षा धावत असते तेव्हा भाडे अंतराने वाढते, आणि ती रेल्वेच्या फाटकापाशी खोळंबून उभी राहते तेव्हाही मीटर स्वस्थ बसत नाही, ते वेळेने वाढते. लांबच्या प्रवासाचे असेच आहे. इंधन, पथकर आणि टायरची झीज हा खर्च किलोमीटरांनी वाढतो. खोलीचे भाडे आणि जेवणखाण हा खर्च रात्रींनी आणि दिवसांनी वाढतो. पहिल्याला आपण मजलीचा खर्च म्हणू, दुसऱ्याला मुक्कामाचा.

या दोहोंची प्रकृती भिन्न आहे. मजलीचा खर्च घरी बसून, नकाशा समोर ठेवून, पुष्कळशा अचूकपणे वर्तवता येतो, कारण रस्त्याची लांबी रातोरात बदलत नाही. मुक्कामाचा खर्च मात्र दरड कोसळली, खिंडीत बर्फ पडले, कोणाचे डोके दुखू लागले की वाढतो, आणि त्या वाढीवर आपला काही इलाज नसतो. लोक ज्या खर्चाची धास्ती घेतात तो बिचारा सरळमार्गी असतो; ज्याची तरतूद करायची विसरतात, तोच खिसा कापतो.

२. मजलीचा अजमास

एक मार्ग उदाहरणादाखल घेऊ. पुण्याहून मुंबईच्या बाजूने बडोदे, तेथून उदेपूर, जयपूर, लुधियाना, जम्मू. पुढे श्रीनगर, सोनमर्ग, ३,५०० मीटरांहून थोडी उंच असलेली झोजिला खिंड, द्रास, कारगिल आणि लेह. परतताना लेहहून तांगलांग ला आणि बारालाचा ला ओलांडून जिस्पा, मग अटल बोगद्यातून मनाली, चंदीगड, आणि तेथून पुन्हा जयपूर-उदेपूर-बडोदे या वाटेने घर. लेहला पोहोचल्यावर नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवर पाहिल्यावाचून कोणी परतत नाही, म्हणून त्यांचेही अंतर धरावयाचे. ही सारी बेरीज सहा हजार किलोमीटरांच्या आतबाहेर भरते.

सहा हजारांना गाडीच्या सरासरीने भागले की इंधनाचे उत्तर मिळाले, असे मानण्याचा मोह होतो. पण सपाटीवरचा किलोमीटर आणि घाटातला किलोमीटर हे एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढते. शिवाय लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाइतकाच राहतो, आणि ५,३०० मीटरांहून उंच तांगलांग लावर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. साध्या इंजिनाला श्वासापुरती हवा न मिळाल्याने त्याचा जोर ओसरतो. म्हणून अंतराचे दोन भाग पाडावे. सपाटीचे ३,७५० किलोमीटर, चार माणसे, सामान आणि मे महिन्यातील अखंड वातानुकूलन धरून लिटरला १५ च्या हिशेबाने, म्हणजे २५० लिटर. पहाडातले २,२०० किलोमीटर लिटरला ११ च्या हिशेबाने, म्हणजे २०० लिटर. एकूण ४५० लिटर, आणि गणिताच्या सोयीसाठी दर शंभर रुपये धरला, तर ४५,००० रुपये. वाचकाने आपल्या गाडीची सरासरी आणि त्या दिवसाचा दर यात घालावा. रीत बदलत नाही.

येथे एका आवडत्या काटकसरीचा समाचार घेतला पाहिजे. पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर राहिले असून त्यांवर प्रत्येक राज्याचा कर निराळा आहे. त्यामुळे महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्या मानाने गुजरात, हरयाणा, चंदीगड येथे पेट्रोल स्वस्त पडते, आणि हा फरक लिटरमागे आठ-दहा रुपयांपर्यंतही जातो. तलासरी ओलांडून भिलाडच्या बाजूला गेल्यावर टाकी भरावी, आणि शामळाजीनंतर राजस्थानची हद्द लागण्यापूर्वी ती पुन्हा काठोकाठ करावी, हा सल्ला रास्तच आहे. परंतु लिटरला नऊ रुपयांप्रमाणे चाळीस लिटरांत वाचले ३६० रुपये. साऱ्या प्रवासात असा योग तीनदा साधला, तरी बचत हजाराच्या थोडी वर, म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतकीही नाही. वाटेवर पंप असेल तर थांबावे. त्यासाठी वाट वाकडी करण्यात अर्थ नाही.

पहाडात प्रश्न दराचा नसून पंप आहे की नाही याचा असतो. मनालीकडून लेहला निघणाऱ्यांना तांदी येथील फलक पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा इशारा वर्षानुवर्षे देत आला. आता लेहच्या अलीकडे कारू येथे पंप आहे, तरी कारू आणि तांदी यांमध्ये तीनशेहून अधिक किलोमीटरांचे ओसाड अंतर उरतेच. पंचेचाळीस लिटरांची टाकी, लिटरला ११: म्हणजे ४९५ किलोमीटरांची बेगमी. लेह किंवा कारू सोडताना टाकी पूर्ण भरली असेल, तर मोटारवाल्याला डिक्कीत पेट्रोलचे कॅन बाळगण्याचे कारण नाही, आणि बंद डिक्कीतला तो वास चार माणसांना दिवसभर सोसावा लागतो हेही ध्यानात ठेवावे.

३. नाके

पूर्वी वाटेवर जकातीची ठाणी असत. आता पथकराचे नाके आहेत, आणि २०२१ च्या फेब्रुवारीपासून काचेवर फास्टॅग नसलेल्या गाडीला तेथे दुप्पट आकार पडू लागला. राष्ट्रीय महामार्गावर एकाच दिशेने दोन नाक्यांत सामान्यतः साठ किलोमीटरांचे अंतर असावे असा नियम आहे. त्या मानाने ३,७५० किलोमीटरांत साठ-बासष्ट नाके लागतील, आणि सरासरी शंभर रुपये धरले तर सहा हजारांहून अधिक रक्कम होईल. परंतु १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी वार्षिक पास निघाला. सुरुवातीस तो ३,००० रुपयांना मिळे, आणि मुदत एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, यांतील जे आधी पुरे होईल ते. अशा एकाच प्रवासात त्याचे दाम वसूल होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखे जे रस्ते राज्याच्या अखत्यारीतील आहेत, तेथे मात्र हा पास चालत नाही. तेव्हा अशा रस्त्यांसाठी आणि गावोगावच्या वाहनतळांसाठी आणखी दोन हजार धरावे. नाक्यांची बाब पाच हजारांत मिटली.

४. मुक्काम

आता खर्चाच्या खऱ्या धन्याकडे वळू. वर सांगितलेल्या मार्गावर श्रीनगरला दोन रात्री, लेहला एकूण चार आणि इतरत्र एकेक रात्र काढली, तर वीस रात्री होतात: नऊ सपाटीवर, अकरा पहाडात. चार माणसांना दोन खोल्या. सपाटीवर खोलीला १,८०० आणि पहाडात २,८०० रुपये असा मध्यम दर कल्पिला, तर सपाटीचे ३२,४०० आणि पहाडाचे ६१,६००, मिळून ९४,००० रुपये. पेट्रोलच्या दुपटीहून अधिक झालेला हा आकडा पाहिल्यावर पंपावर डोळे मोठे करून उभे राहण्यात हशील नव्हते, हे उमजावे.

हे दोन दर भिन्न का धरले, त्याचे कारण केवळ उंची नव्हे. उदेपूर आणि जयपूर यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्चचा. मे महिन्यात तेथे ऊन असे तापते की हौशी प्रवासी फिरकत नाही, आणि जो खोलीवाला डिसेंबरात बोलायला तयार नसतो तोच आता दारापर्यंत येऊन भाव करतो. त्याच आठवड्यात दिल्ली आणि पंजाब यांची निम्मी वस्ती उन्हाला भिऊन मनालीला लोटलेली असते, आणि तेथे शुक्रवार-शनिवारी रस्त्यावर गाडी उभी करायला जागा मिळाली तरी नशीब. लेहचा हंगाम जूनपासून भरास येतो. म्हणजे एकाच प्रवासात आपण दोन उलट्या बाजारांतून जात असतो: एकात गिऱ्हाइकाची चलती, दुसऱ्यात मालकाची.

यातून आरक्षणाचे धोरण आपोआप निघते. श्रीनगर, लेह, नुब्रा, पँगाँग आणि मनाली येथील खोल्या आधी ठरवून, त्या रद्द करण्याची मुदत आणि परताव्याची अट लेखी मागून ठेवाव्या. सपाटीवरील मुक्काम मोकळे सोडावे, दुपारी चारच्या सुमारास पुढच्या गावात फोन करावा, आणि खोली पाहून मगच पैसे मोजावे. मनालीचा मुक्काम सोमवार ते गुरुवार यांत बसवला, तर त्याच खोलीचे भाडे पुष्कळदा उतरलेले आढळेल. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्या: सांगितलेल्या दरात कर धरला आहे काय, सकाळचा नाश्ता आहे काय, आणि गाडी आवारात उभी राहील काय. चौथी गोष्ट राजस्थानापुरती: वातानुकूलन यंत्र प्रत्यक्ष चालू करून पाहावे. भिंतीवर ते लावलेले असणे आणि त्यातून गार वारा येणे, या दोन स्वतंत्र घटना आहेत.

धर्मशाळा आणि गुरुद्वारांच्या सराया हा मुक्कामाचा जुना आणि आजही जिता प्रकार आहे. उत्तरेत ज्या तीर्थस्थळी मराठी माणूस जाईल तेथे अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट किंवा धर्मशाळा बहुधा त्याच्या आधी पोहोचलेली असते. वाट थोडी वळवून अमृतसरचा मुक्काम घेतला तर तेथील सरायांत अल्प दरात राहता येते; पण तेथे आरामाची नव्हे, निवाऱ्याची अपेक्षा ठेवून जावे, आणि सुटीच्या दिवसांत जागा न मिळाल्यास तक्रारीला वाव नाही हे जाणून जावे.

आता डोक्यांचा प्रश्न. गाडीचा खर्च जितकी माणसे तितक्यांत वाटला जातो. खोली मात्र जोडीने वाटली जाते. चौघांत इंधन आणि नाके मिळून ५०,००० आणि मुक्काम ९४,०००, म्हणजे माणशी ३६,००० रुपये. चौथ्याने आयत्या वेळी अंग काढून घेतले आणि तिघांनी दोन खोल्याच ठेवल्या, तर माणशी ४८,००० होतात, आणि मैत्रीत पहिली कुरबुर तेथे सुरू होते. पण तिघांनी एकच खोली घेऊन सहाशे रुपयांना एक जादा गादी टाकून घेतली, तर मुक्काम ५९,००० आणि माणशी एकूण ३६,३३३! चौघांच्या दोन खोल्या आणि तिघांची एक खोली यांत खर्चाने फरक जवळपास नाही. घोरणाऱ्याचा प्रश्न काय तो निराळा.

५. खोळंब्याचे दिवस

ज्या अंदाजपत्रकात एकही दिवस वाया जाणार नाही असे गृहीत धरले आहे, ते शाळकरी पोराच्या हातचे समजावे. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या परिसरात पावसाने दरड येते. झोजिलावर वाहतूक वेळोवेळी एकाच दिशेने सोडली जाते. मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बंद राहून मे-जूनच्या सुमारास केव्हातरी उघडतो, आणि तो 'केव्हातरी' पंचांग पाहून ठरत नाही. चेनानी-नाशरी, काझीगुंड, सोनमर्ग आणि अटल असे बोगदे गेल्या काही वर्षांत झाल्याने खोळंबा पुष्कळ घटला हे खरे. २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्याने रोहतांगचा घाट चुकून मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरांनी कमी झाले. पण झोजिलाखालचा बोगदा होईपर्यंत खिंडीची मर्जी सांभाळणे प्राप्त आहे.

खोळंब्याच्या दिवसाची किंमत काढणे अवघड नाही. पहाडातील दोन खोल्या ५,६०० आणि चौघांचे जेवणखाण माणशी सहाशेच्या हिशेबाने २,४००, म्हणजे दिवसाला ८,०००. असे दोन दिवस, म्हणजे १६,००० रुपये, वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवावे, आणि कोणीही, विशेषतः श्रीनगरच्या शालींच्या दुकानात, त्याला हात लावू नये.

काही दिवस खोळंब्यासारखे दिसतात पण खोळंब्याचे नसतात. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय होण्यासाठी स्वस्थ पडून राहावे लागते. हे दिवस वाचवून लगेच खारदुंग लाकडे धावणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ आणि प्रसंगी इस्पितळ यांचा जो खर्च येतो तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. जाताना श्रीनगरची वाट धरली ती याच कारणाने: श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७०० मीटर आणि मग लेह, अशी पायरीपायरीने उंची वाढते. मनालीकडून चढताना सरचू येथे, म्हणजे ४,२०० मीटरांच्या वर, रात्र काढावी लागली तर ती रात्र तंबूच्या भाड्यापेक्षा महाग पडते.

याउलट सपाटीवर दिवसाला सातशे किलोमीटर हाकून दोन मुक्काम वाचवण्याचा हिशेब काहीजण मोठ्या अभिमानाने सांगतात. दोन रात्रींच्या दोन-दोन खोल्या, म्हणजे बचत ७,२०० रुपये. एवढ्यासाठी मे महिन्याच्या उन्हात, अंधार पडल्यावरही, समोरून येणाऱ्या मालमोटारींच्या दिव्यांत डोळे चोळत गाडी चालवणे मला तरी किफायतीचे वाटत नाही.

६. रोकड

महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाख येथे चालत नाही, पोस्टपेड चालते. आणि जेथे फोनच चालत नाही तेथे फोनवरून पैसे देणे कसले? लेह सोडल्यावर पँगाँगच्या तंबूत, नुब्रातल्या घरगुती मुक्कामावर आणि पांगच्या चहाच्या राहुटीत रोख नोटाच लागतात. पहाडातील अकरा रात्रींपैकी निम्म्यांचे भाडे आणि दोन टाक्यांचे पेट्रोल, इतकी रोकड जम्मूलाच काढून दोघांच्या खिशांत विभागून ठेवावी.

७. मोटार न्यावीच काय?

सपाटीचा खर्च वेगळा काढून पाहावा: पेट्रोल २५,०००, नाके पाच हजार, नऊ रात्री ३२,४००, म्हणजे चौघांचे बासष्ट हजारांहून अधिक रुपये आणि नऊ-दहा दिवस, केवळ पहाडाच्या पायथ्याशी जाऊन येण्यात जातात. पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूला जाते, आणि ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. ज्याला केवळ हिमालय पाहायचा आहे त्याने आगगाडीने जावे आणि पुढे स्थानिक टॅक्सी करावी. स्वतः चालवण्यासाठी बाहेरून भाड्याने आणलेल्या गाडीला लेहच्या परिसरात हिंडू देण्यास तेथील टॅक्सी-संघटनांची हरकत असते. स्वतःच्या मालकीच्या खासगी गाडीला ती नसते. ज्याला मेवाडचे माळ, पंजाबचे कालवे आणि ढाब्यावरची लस्सी हाही प्रवासच वाटतो, त्याने मोटार न्यावी, आणि ते बासष्ट हजार वाहतुकीच्या नव्हे, हौशीच्या खाती लिहावे.

८. वाटणी

बेरीज अशी: पेट्रोल ४५,०००, नाके ५,०००, मुक्काम ९४,०००, खोळंबा १६,०००; एकूण १,६०,०००, माणशी ४०,००० रुपये. एकवीस दिवसांचे जेवणखाण याखेरीज.

यात एक रकाना राहिला, आणि तो ठेवायला लोक संकोचतात. मोटार चौघांपैकी एकाची असते, तिचा घसारा कोणी सोसायचा? टायरचा संच २४,००० रुपयांचा आणि त्याचे आयुष्य ४०,००० किलोमीटरांचे धरले, तर सहा हजार किलोमीटरांत ३,६०० रुपयांची टायर झिजली. परतल्यावर गाडी कारखान्यात जाईल, ब्रेकचे पॅड पाहावे लागतील, तळाला दगड लागला असेल तर तेही निस्तरावे लागेल. माझ्या मते टायरची झीज आणि परतल्यानंतरची एक सर्व्हिसिंग सर्वांत समान वाटावी; पंक्चर, वाटेतली दुरुस्ती आणि गाडी ओढून नेण्याचा खर्चही सर्वांचा. वेगमर्यादा मोडल्याचे चलान मात्र त्या वेळी चाकावर जो बसला होता त्याचे, आणि ते घरी महिन्याभराने गाडीमालकाच्या नावे येते, म्हणून कोणत्या दिवशी कोणत्या टप्प्यात कोण चालवत होता हे रोजकीर्दीत खर्चाच्या शेजारीच टिपून ठेवावे. ही कलमे चौघांनी पुण्यातच, चहाच्या एका बैठकीत, कागदावर लिहून खाली सह्या कराव्या. झोजिलाच्या चढावर क्लच जळू लागल्यावर त्यांची चर्चा करण्यास कोणालाच फुरसत नसते.